भातावर पोसलेल्या कोंबड्या

जयवंती साताऱ्याकडची. वाठारच्या माळाला तिचं गाव. पाऊस बेताचा, माती तांबूस, आणि बाया बोलायला लागल्या की बांधापलीकडचं जनावर मान वर करून बघायचं. तोच आवाज घेऊन ती मद्रासला आली आणि तो तिनं कधी खाली आणला नाही. नवरा प्रतापसिंह पेरांबूरला नव्यानं उघडलेल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात फिटर लागला होता. तो आधी आला, जयवंती मागनं. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि एक झाकलेलं डालगं. दौंडला तिकीट तपासनिसानं डालग्याकडं बोट केलं तेव्हा ती म्हणाली, "लेकुरवाळ्या हायत, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका." डालग्यात दोन तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, होत्या आणि एक कोंबडा. कोंबड्यानं नेमकी तेव्हाच बांग दिली. तपासनिसाला हसू आवरेना, म्हणून निभावलं.

राहायला जागा नुंगंबाक्कमला मिळाली, तीही नवऱ्याच्या नावावर. घरमालक राघोत्तमराव तंजावरकडचे मराठी ब्राह्मण, कैक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले, कचेरीतनं निवृत्त झालेले. प्रतापसिंह हे नाव ऐकताच ते खुर्चीतनं अर्धे उठले. तंजावरच्या भोसल्यांत त्या नावाचा राजा होऊन गेला. समोर उभ्या राजाच्या नखांत ग्रीस होतं, पण नाव ते नाव. परसातल्या दोन खोल्या त्यांनी तिथल्या तिथं देऊन टाकल्या.

परसावर मात्र राज्य राघोत्तमरावांचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोचं, अलमेलूअक्कांचं. बाई किरकोळ, पण पहाटे अंगण सारवून तांदळाच्या पिठाची रांगोळी घालायला बसली की कावळाही पलीकडनं वळसा घालून जाई. डालगं बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"अगे, हें काय? कोंबडी कां?"

"व्हय अक्का. माज्या सासूनं दिल्यात. गावची जात हाय."

अलमेलूअक्कांनी थोडा वेळ कोंबड्याकडं आणि कोंबड्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "अंडें तूं खा, तुझा नवरा खाऊं दे, मज काय? पण मासळी, मटण अम्चा आवारांत येऊं नकों. तुम्हांस नकों, कोंबडींसही नकों. जीवहत्येचें कांहीं नकों. वचन दे."

"दिलं," जयवंती म्हणाली. "आमाला खायचं झालं तर भाईर जाऊन खाऊ. आन् कोंबड्यांचं म्हणाल तर त्यांच्या चोचीत काय पडंल ते तुमाला दिसंलच."

मराठी हीही बोलायची आणि मराठी तीही बोलायची, पण पहिले काही महिने दोघींना एकमेकींचं निम्मंच कळलं. अक्का म्हणायच्या, "तुझी मराठी म्हणजे लांकूड फोडतात तशी गे." जयवंती म्हणायची, "आन् तुमची ऐकली की पुराणाला बसल्यागत वाटतं, कधी प्रसाद मिळंल तेवढं बगायचं." अक्का हसायच्या आणि खरोखरच वाटीभर काहीतरी आणून द्यायच्या.

जयवंतीच्या शब्दाचं इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातनंच झालं. ती भांडकुदळ होती, हेकट होती, तमिळ तर ती भाजीवालीला घाबरवण्यापुरतंच शिकली. पण शब्द दिला की दिला. गावाकडं तिच्या बापानं एकदा शेजाऱ्याला बैल देतो म्हटलं आणि स्वतःची पेरणी मागं ठेवून दिला. त्या घरातली ती. मद्रासमध्ये बोंबील-सुकट दारोदार फिरतं. मासेवाली फाटकाशी थांबली की ही आतनं हात हलवून तिला पुढं घालवायची.

पहिली दोन वर्षं कोंबड्या अशा माजल्या की बघत राहावं. तुकतुकीत पिसं, लाल तुरे, अंडी तर विचारूच नका. जयवंती म्हणायची, "हाताला गुण लागतो बाई." हाताचा गुण होता थोडाफार, नाही असं नाही. पण परसाच्या भिंतीला एक भगदाड होतं आणि पलीकडं पडीक जागा होती. काटेरी झुडपं, कुजका पाला, गल्लीभरचा केर. कोंबड्या सकाळी भगदाडातनं जायच्या आणि सांजेला येऊन खुराड्यात बसायच्या. दिवसभर तिथं काय उकरतात, काय गिळतात, हे ना जयवंतीनं बघितलं, ना अक्कांना दिसलं. दोघीही आपापल्या जागी खूश होत्या.

मग ती पडीक जागा कुणीतरी विकत घेतली आणि तिथं बंगला उठला. भगदाड विटांनी बुजलं. परसात अक्कांच्या पालेभाजीचे वाफे होते, रांगोळी होती. तिथं कोंबड्या मोकळ्या सोडायची सोय नव्हती. जयवंतीनं बांबूच्या तट्ट्यांचं आवार करून त्यांना कोंडलं. तोवर दोनाच्या आठ-दहा झालेल्या.

आता खायला घालायचं ते हातानंच. आणि इथं तिनं चूक केली. ती चूक तिच्या गावचं माणूसच करू शकतं. तिच्या गावात भात म्हणजे सणाचा, पाहुण्याचा, नाहीतर आजाऱ्याचा. माणसं ज्वारीची भाकरी खायची; कोंबड्यांना सुपातलं पाखडलेलं खाली पडेल ते. आणि इथं अक्कांच्या स्वयंपाकघरातनं रोज पांढराशुभ्र, मऊ, मोकळा भात उरून यायचा. अक्कांनाही ते बरं वाटे; अन्न वाया जात नाही, मुक्या जिवाच्या मुखी पडतं, आणि त्यात हिंसेचा कण नाही. जयवंती थाळा घेऊन आवारात उभी राहायची आणि तिचा ऊर भरून यायचा.

"बगा की अक्का," ती म्हणायची, "आमच्या पाटलाच्या घरात जेवला नसंल कुनी आसा भात. आन् ह्या रोज खात्यात."

"खाऊं देत," अक्का म्हणायच्या. "आणि काय स्वच्छता गे! पीससुद्धां दिसत नाहीं अंगणांत."

पीस दिसत नव्हतं हे खरंच होतं. पूर्वी वाऱ्यानं एखादं पीस रांगोळीवर जाऊन पडे आणि अक्कांचा आवाज चढे. आता आवार कसं झाडून काढल्यासारखं. जयवंतीला वाटलं, भाताचा गुण.

ते भाताचंच होतं, पण गुण नव्हे. एके दुपारी ती पाणी बदलायला गेली तर गावाहून आणलेल्या दोनांतली एक, ठिपकी, पुढच्या तलंगेच्या मागं उभी होती. ठिपकीनं मान तिरकी केली, तलंगेच्या शेपटीतलं पीस चोचीत धरलं, हिसका दिला, आणि दोन घासांत ते गिळून टाकलं. तलंग केकाटली, चार पावलं पळाली, आणि तिनं जाऊन तिसरीचं पीस उपटलं. जयवंती पाण्याचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. कोंबडी भांडते, टोचते, हे जन्माचं माहीत. पण पिसं उपटून खाते, हे तिनं गावात कधी बघितलं नव्हतं.

मग तिनं एकेकीला धरून उलटी केली. शेपटीच्या बुडाशी उघडी, लालसर कातडी. पाठीवर चट्टे. अंगणात पीस नव्हतं ते पोटात होतं.

पुढं काय काय केलं! मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. उवा असतील म्हणून राखेचा खड्डा करून दिला. कोंबड्या राखेत लोळल्या आणि बाहेर येऊन पुन्हा एकमेकींच्या मागं लागल्या. उघड्या कातडीवर हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून लावला; त्यांनी तो चवीनं टोचून खाल्ला. प्रतापसिंहानं कुठनंसं थोडं डांबर आणलं, तेही फासलं. त्यांची अंगं काळी झाली, तट्टे काळे झाले, आणि अक्कांची चुन्यानं नुकतीच रंगवलेली भिंत हातभर उंचीपर्यंत काळी झाली.

"रस्सा कर की त्यांचा," प्रतापसिंह म्हणाला. "सोलायचं काम त्यांचं त्यांनीच केलंय."

त्या दिवशी जयवंतीनं त्याचं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः जाऊन तट्ट्याशी बसली.

आणि मग रक्त आलं. एका तलंगेच्या शेपटीतनं ठिबकायला लागलं, आणि रक्त बघून बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. तिचा आरडाओरडा ऐकून अक्का स्वयंपाकघरातनं धावत आल्या. तट्ट्यावरनं त्यांनी आत बघितलं. चोची लाल झालेल्या.

"अय्यय्यो," अक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात, जो त्यांच्या ओरडण्याहून वाईट होता, त्यांनी विचारलं, "जयवंती, तूं ह्यांस मासळी घातलीस कां?"

"न्हाई."

"मग रक्ताची रुची ह्यांस कोठून लागली? भात खाणारा जीव असें करेल कां?"

"अक्का, म्या शब्द दिलाय तुमाला."

"दिलास," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर विचारतें."

ते वाक्य जयवंतीच्या जिव्हारी लागलं. कोंबड्या मेल्या असत्या तर तिनं दोन शिव्या घालून विषय मिटवला असता. पण या घरात तिचं असं फक्त दोनच होतं, गावच्या जातीच्या कोंबड्या आणि तिचा शब्द. दोन्ही एकाच तट्ट्याआड पिसं गेल्यागत उघडी पडली. अक्का दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला कुंभकोणला निघाल्या. जाताना टांग्याच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाल्या, "नवरात्रांत अम्चा घरीं गोलू बसतो. गांवच्या बायका येतात बाहुल्या पाहायला. त्याच्या आंत हें आवार रिकामें पाहिजे. आणि जळणाची रास हलवून ठेव, पाऊस येईल."

जयवंतीनं जखमी तलंगेला वेगळ्या डालग्याखाली झाकलं. तिला खरं तर रडायचं होतं, पण ती जळण हलवायला लागली. अंघोळीच्या पाण्याच्या चुलीसाठी लाकडं भिंतीकडेला रचलेली होती. वरची वाळलेली, खालची दमट. अगदी तळाचा ओंडका तिनं उचलला तर तो हातातच ढासळला आणि आतनं पांढऱ्या वाळवीचा लोंढा जमिनीवर सांडला.

तट्ट्याआड एकदम गलका झाला. ठिपकीनं पंख मारले आणि ती, जिनं इतक्या दिवसांत कधी तट्टा ओलांडला नव्हता, तट्ट्यावरनं उडून थेट ओंडक्यावर आली. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं कोंबडा. जयवंतीनं हात पसरले आणि तसेच ठेवले. अडवलं नाही. कोंबड्या जमिनीला चोची लावून अशा टिपत होत्या की वर मान करत नव्हत्या. एकमेकींना चिकटून, उघड्या पाठीला उघडी पाठ लावून, आणि एकीनंही दुसरीच्या शेपटीकडं बघितलं नाही.

तिला सासू आठवली. सासू माळावरनं वारुळाचं, वाळवीनं भरलेलं ढेकूळ डोक्यावर घेऊन यायची आणि पिल्लांपुढं आपटून फोडायची. का, असं तिनं कधी विचारलं नव्हतं. सासू करायची म्हणून करायची. इथं येऊन जयवंतीनं सासूच्या कोंबड्या आणल्या, डालगं आणलं, ओरडायची रीतसुद्धा आणली, आणि ढेकूळ तेवढं तिकडंच राहिलं. रोज थाळाभर भात बघून तिला वाटलं, पोट भरलं. पोटं भरलीच होती. गळ्याखालच्या थैल्या टम्म फुगायच्या. भूक मात्र भाताची नव्हतीच. ती शोधत शोधत कोंबड्या शेजारणीच्या पिसांपर्यंत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रतापसिंह सायकलवरनं उतरला आणि पिशवीतनं कागदाचं पुडकं काढलं. सुकटीचा वास परसभर झाला.

"घाल त्यांना," तो म्हणाला. "अक्का कुंभकोणला, रावांच्या नाकावर पेपर. कोन बगतंय?"

"म्या बगतोय न्हवं," जयवंती म्हणाली. गावाकडच्या बायांसारखी ती चिडली की पुरुषागत बोलायची. "फाटकाभाईर न्या आदी त्ये."

"आगं, वाळवी खाल्ली की त्यांनी! त्यो जीव न्हाई व्हय?"

"हाय. त्यो म्या अक्कांना सांगणार हाय. वाळवी आवारातच हुती, कोंबडीनं उकरली. सुकट आणली तर ती म्या आणलेली."

प्रतापसिंह पुडकं घेऊन परत फाटकाबाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या मांजरांची दिवाळी झाली.

अक्का परतल्या तेव्हा टांग्यातनं सामानही उतरलं नव्हतं, तोवर जयवंती पुढं जाऊन उभी राहिली.

"अक्का, शब्द मोडला म्या. मासळी न्हाई घातली. पण तुमच्या जळणात वाळवी निगाली, ती कोंबड्यांनी खाल्ली, आन् म्या हटकलं न्हाई. रोज दुपारी सोडलं त्यांना तिथं. आन् पिसं उपटायचं निम्म्यानं कमी झालंय. आता काय बोलायचं ते बोला."

अक्का तशाच आत गेल्या. पाय धुतले, देवाला दिवा लावला. जयवंतीला वाटलं, आता उद्याच आवार रिकामं करावं लागणार. पण संध्याकाळी अक्का स्वतः तट्ट्याशी आल्या, पाट टाकून बसल्या. कोंबड्यांच्या पाठी अजून उघड्याच होत्या, पण नवं रक्त नव्हतं.

"माझें पहिलें बाळंतपण झालें," अक्का कोंबड्यांकडंच बघत म्हणाल्या, "तेव्हां मी भिंत खात होतें."

"भित्ताड?"

"भिंतच गे. मागच्या खोलीची. माती नखानें काढून काढून. तंजावूरचें घर, भाताला काय उणें? रोज दोनदां पोटभर. तरी हात भिंतीकडे जायचा. सासूनें पाहिलें. अवदसा शिरली म्हणून संगटलें सगळ्यांस. खोली बंद केली, हातांस एरंडेल लावलें. तुझें डांबर तसें." त्या किंचित हसल्या. "मग एक म्हातारे वैद्य आले. ते म्हणाले, भातानें पोट भरतें, अंग भरत नाहीं. तीळ द्या हिला, गूळ द्या, पालेभाजी द्या. रोज तिळाचा लाडू. भिंत आपण होऊन सुटली."

जयवंती पाटाशेजारी जमिनीवर बसली.

"तूं शब्द मोडला नाहींस," अक्का म्हणाल्या. "मी घेतलेला शब्दच चुकला. माझा नेम कोंबडींस घातला, त्यांस विचारलें नाहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी राघोत्तमरावांना घाण्यावर पिटाळलं. बैलाच्या घाण्यावर तिळाचं तेल निघतं, त्याची पेंड खाली राहते. तमिळमध्ये तिला पुण्णाक्कु म्हणतात आणि ती गाई-म्हशींना घालतात. राव पेंडीचं पोतं सायकल-रिक्षात मांडीशी घेऊन आले आणि म्हणाले, "कचेरीत असतांना फायली वाहिल्या, आतां हें." पेंड रात्रभर भिजवायची, भाताच्या कोंड्यात कालवायची, वर वाफ्यातला पाला चिरून टाकायचा, आणि ताकाची निवळी शिंपडायची. पांढरा भात बंद. वाळवीबद्दल बोलणं झालं नाही. पण रोज दुपारी जळणाशी कोंबड्या सुटायच्या त्या वेळेला अक्का पाट उचलून घराच्या पुढच्या बाजूला जायच्या आणि वाती वळत बसायच्या. कोंबड्या खुराड्यात गेल्या की परत यायच्या. "झालें कां त्यांचें?" एवढंच विचारायच्या.

हळूहळू उघड्या कातडीतनं निळसर काड्या वर यायला लागल्या, कोवळ्या पिसांच्या. आणि तेव्हाच एक गोष्ट जयवंतीच्या ध्यानात आली, जी तिला बघायची नव्हती. बाकीच्या सगळ्या थांबल्या, पण ठिपकी थांबली नाही. तिची थैली पेंडीनं भरलेली असायची आणि तरी ती नव्या काड्यांकडं मान तिरकी करून बघायची. भुकेपायी लागलेली खोड भूक गेली तरी तिच्या चोचीत राहिली होती. एका सकाळी कोवळी काडी उपटली गेली आणि पुन्हा रक्त आलं.

अक्का म्हणाल्या, "ती गांवची अहे ना गे तुझी? राहूं दे, वेगळी बांध."

"बांधून कोंबडी ऱ्हाती व्हय," जयवंती म्हणाली.

दूध घालायला वेलचेरीची बाई यायची. वेलचेरी तेव्हा शहराबाहेरचं खेडं. तळं, भातखाचरं, म्हशी, आणि मैलभर उकरायला चिखल. जयवंतीनं ठिपकीचे पाय बांधले आणि सासूनं दिलेल्या त्याच डालग्यात घालून दूधवालीच्या डोक्यावर दिलं. डालगं परत मागितलं नाही. घरात येऊन ती पेंड कालवायला बसली. प्रतापसिंहानं रस्स्याचा विनोद केला नाही. त्याला तेवढी अक्कल होती.

नवरात्र आलं. अक्कांच्या पुढच्या खोलीत पायऱ्या चढल्या, त्यावर बाहुल्या बसल्या, बायका रेशमी लुगडी नेसून यायला लागल्या. रोज वेगळ्या कडधान्याचं सुंडल शिजायचं. हरभरा, चवळी, मूग, वर खोबरं. बायका गेल्या की अक्का उरलेलं सुंडल पाण्यानं धुवून, मीठ-तिखट काढून, जयवंतीच्या हातात द्यायच्या. "तुझ्या मंडळीस," म्हणायच्या. आवार रिकामं करायचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. तरी जयवंतीच्या मनात ते होतं. अक्का स्पष्ट बोलल्या नव्हत्या, आणि न बोललेल्यावर विसंबून राहणारी ती नव्हती.

एके दिवशी पहाटे अक्कांची हाक आली. नेहमीचीच, चढलेल्या आवाजातली.

"जयवंती! अगे जयवंती! बाहेर ये!"

ती हातातलं टाकून धावली. अक्का ओल्या अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. पुढं नुकतीच पुरी केलेली रांगोळी, आणि रांगोळीच्या बरोबर मधोमध एक लांब, काळसर, चकाकणारं पीस पडलेलं. जयवंतीनं पटकन वाकून हात पुढं केला.

"थांब," अक्का म्हणाल्या. "बूड पाहूं दे."

त्यांनी पीस उचललं आणि उजेडाला धरलं. बूड कोरडं होतं, अखंड होतं. रक्त नाही, चोचीची खूण नाही. आपण होऊन गळलेलं जुनं पीस. रात्री कधीतरी वाऱ्यानं तट्ट्यावरनं उडालं असणार. आणि तोवर सगळ्या कोंबड्यांच्या मधे पडून होतं, तरी कुणी ते खाल्लं नव्हतं.

"उपटलेलें नाहीं," अक्का म्हणाल्या.

"न्हाई," जयवंती म्हणाली. "गळालंय."

अक्कांनी पीस परत खाली ठेवलं, जिथं होतं तिथंच, पांढऱ्या रेघांच्या मधे, आणि पिठाची वाटी घेऊन उठल्या. "बायका येतील सांजेला," जाता जाता म्हणाल्या, "तेव्हां मागचें दार उघडें ठेव. अम्चीं कोंबडीं पाहूं देत त्यांस."